सूचना : जुनी येझदी, जावा किंवा बुलेट घेण्याआधी

सभासदांनो, बयाणा देण्याआधी एवढं बघाच.

आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवली आहे, निवेपर्यंत थांबा. सोलापूरच्या उन्हात उभी गाडी नुसतीच तापते, म्हणून सकाळी लवकर जा.

येझदी-जावात थंड इंजिनचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत कमी व्हायला हवा. नाही झाला, आणि गिअर ऑइल सारखं कमी होत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील (क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, सील म्हणजे त्याची रबरी कडी) गेलंय. ऑइल इंजिनात ओढलं जातंय. दुसऱ्या बाजूचं सील गेलं की हवा शिरते, न्यूट्रलला रेस आपोआप चढते आणि पुढे पिस्टन जाम होतो. सील स्वस्त, पण क्रँक उघडायची मजुरी स्वस्त नाही.

टाकीत टॉर्च मारा. गंजाचे पापुद्रे कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बंद करतात. मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ असेल तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याचे) बुश किंवा बेअरिंग गेलंय.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. सवय नसेल तर चाचणी सात रस्त्यासारख्या गजबजलेल्या चौकात नको!

चासी नंबर आरसीशी (नोंदणीपत्राशी) अक्षरन् अक्षर जुळवा. घासल्याची खूण दिसली तर सरळ परत फिरा. विजापूर-गुलबर्ग्याच्या, म्हणजे कर्नाटकातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला, फॉर्म 28) लागते. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी; मुदत संपलेली असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.