मधुरा, मधलं पानही वाच

चिपळूण,
१७ मार्च २०२४

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, क्रेटाची एस(ओ) घेऊ की एसएक्स(ओ)? पटकन सांगा, पाडव्याला डिलिव्हरी हवी तर आजच बुकिंग करा म्हणतायत." मी पटकन सांगितलं नाही आणि तू थोडी हिरमुसलीस, ते आवाजावरून कळलं. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली झोपून काढली. ज्या गाडीत माझी मुलगी आणि नात बसणार, तिच्याबद्दल उभ्या उभ्या बोलायला मला जमत नाही. तू पाठवलेल्या ह्युंदाई क्रेटाच्या ब्रोशरची प्रिंट काढून आणली, दोन संध्याकाळी ती लाल पेन घेऊन वाचली, आणि आता सावकाश लिहितोय.

त्यातल्या व्हेरियंटच्या तक्त्यात सात पायऱ्या आहेत: ई, ईएक्स, एस, एस(ओ), एसएक्स, एसएक्स टेक आणि एसएक्स(ओ). शोरूममध्ये तुला त्यातल्या दोनच दाखवल्या. एक तुझ्या बजेटमधली आणि एक बजेटच्या बाहेरची. मग वरचीत काय काय जास्त आहे ते मोजून दाखवलं, आणि जास्त बरोबरच्या खुणा जिच्यापुढे ती चांगली असं तुला वाटून गेलं. मी तक्ता वाचताना खुणा मोजल्या नाहीत. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: ही वस्तू नंतर बसवता येईल का?

स्पीकर, सीट कव्हर, पायाशी लागणारे दिवे, मोबाइलचा चार्जर, हे सगळं पुण्यात नाना पेठेत मिळतं आणि कंपनीच्या निम्म्या पैशात मिळतं. फक्त वायर कापून बसवू द्यायचं नाही, कपलर लावूनच घ्यायचं, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतात. एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारी ईएससी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, बंपरमागचा रडार, इंजिन, गिअरबॉक्स हे मात्र कारखान्यातून जे आलं ते आलं. त्याला नंतर पैसे मोजूनही काही करता येत नाही. वरच्या व्हेरियंटसाठी कर्ज काढायचंच असेल तर ते या दुसऱ्या यादीसाठी काढावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि गंमत बघ, दुसऱ्या यादीतलं बरंचसं आता सर्वांत खालच्या ई मध्येच मिळतंय. सहा एअरबॅग, ईएससी, चारही डिस्क, मागच्या मधल्या माणसालाही तीन टोकांचा बेल्ट. २०२२ मध्ये गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने आधीच्या क्रेटाची दोन एअरबॅगवाली गाडी आपटून बघितली होती, तेव्हा तिला तीन तारे मिळाले होते. त्याच वर्षी स्कोडाच्या कुशाकला आणि फोक्सवॅगनच्या टायगुनला पाच मिळाले. क्रेटा तुझ्या मनात भरली आहे हे मला ठाऊक आहे, तरी एकदा कुशाकमध्येही बसून ये. आणि कुठल्याही गाडीचे तारे बघताना कुठला व्हेरियंट आपटला होता, किती एअरबॅगचा, ते वाच. दोन वर्षांपूर्वी केवळ एअरबॅगसाठी मी तुला वरचं मॉडेल घ्यायला लावलं असतं. आता त्या कारणासाठी वर चढायची गरज उरलेली नाही.

मग एस(ओ) आणि एसएक्स(ओ) मधला फरक कशाचा? पैशाचं आधी सांगतो. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये फरक पावणेतीन-तीन लाखांचा आहे, हिशेबाला पावणेतीन धर. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्या फरकावर आणखी ३३,००० रुपये. झाले ३,०८,०००. ते कर्जात घेतलेस आणि व्याज ९ टक्के धरलं, तर ५ वर्षं दरमहा ६,४०० च्या आसपास हप्ता नुसत्या या फरकाचा. फेडून होईतो ३,८३,००० च्या वर जातात. इन्शुरन्सही गाडीच्या किमतीवर ठरतो, तो वेगळाच. शोरूमच्या कागदावर हे असं मांडून कोणी देत नाही. तिथे नुसती एक्स-शोरूमची किंमत ठळक असते.

या पैशात तू आईसाठी म्हणून जी वस्तू घ्यायला निघालीस, ती म्हणजे आतून वारा सोडणारी हवेशीर सीट. तुझं मन मला कळतं, उन्हाळ्यात इथून पुण्याला जाताना आईची पाठ भिजून जाते. पण त्या हवेशीर सीट फक्त पुढच्या दोन आहेत. आई बसते मागे, पिल्लूजवळ. तिला त्याचा उपयोग शून्य.

सनरूफचंही सांगून टाकतो. ते एस(ओ) लाही आहे, तेव्हा त्यासाठी वर जायचं कारण नाही. पिल्लूला त्यातून आकाश दाखव, चांदणं दाखव. तिला सीटवर उभी करून बाहेर डोकं काढू द्यायचं नाही, एक फोटो काढण्यापुरतंसुद्धा नाही. अचानक ब्रेक मारलेल्या किती गाड्या मी बघितल्यात आणि पुढे आतल्या माणसांचं काय झालं ते बघितलंय. मागच्या सीटला आयसोफिक्स आहे, मुलांची सीट त्यातच अडकवायची, आणि मांडीवर घेऊन बसायचा हट्ट आजीने केला तरी ऐकायचं नाही. आजीलाही बेल्ट लावायचा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता. इतकी भारी गाडी असून. तुझ्या आईला मी हे उदाहरण चार वेळा सांगितलंय. तू पाचव्यांदा सांग, तुझं ऐकते.

आता डिझेल. मी जन्मभर डिझेलवर जगलो, म्हणून तुला वाटलं असेल बाबा डिझेलच सांगणार. तुझं रोजचं चालवणं म्हणजे बाणेर ते हिंजवडी, तेही सिग्नलवर उभं राहून. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात डीपीएफ नावाची गाळणी असते. त्यात काजळी साठते आणि ती जाळून टाकायला गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज अशी रांगत रांगत चालली तर काजळी जळायची राहते, दिवा लागतो, आणि मग वर्कशॉप. महिन्यातून एकदा इकडे येण्यासाठी डिझेल घेऊ नकोस. शिवाय त्याच किमतीला डिझेलवर टॅक्स १४ टक्के आहे, आणि २० लाख ओलांडले की सगळ्या किमतीवर १५. टर्बो पेट्रोलचा विचार करूच नकोस. त्याची १६० पीएसची ताकद आपल्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात कुठे वापरणार? साधं दीड लिटरचं पेट्रोल पुष्कळ झालं.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तक्त्याच्या मधल्या पानावर सापडलं. एसएक्स टेक. किमतीला तुझ्या दोन्हींच्या मध्ये. त्यात हवेशीर सीट नाही, विजेवर सरकणारी सीट नाही, बोसचे स्पीकर नाहीत. पण एडास, म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे, जी एस(ओ) मध्ये नाही आणि नंतर बसवता येत नाही.

एडासबद्दल मी आधी साशंक होतो. कुंभार्लीत पट्टेच पुसलेले असतात, पावसाळ्यात धुकं एवढं की समोरचा कठडा दिसत नाही. तिथे कॅमेरा काय वाचणार? हेळवाकपासून पोफळीपर्यंत ते तुला फारसं मदत करणार नाही, हे धरूनच चाल. घाटात आपलं जुनंच खरं, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडला टाकून खालचा गिअर धरायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर ब्रेक तापून निसटतात.

पण मी विचार केला तो रविवारच्या रात्रीचा. सुहासरावांना समोरचे दिवे डोळ्यांवर येतात, म्हणून परतीची गाडी तूच चालवतेस. उंब्रजला हायवेला लागलात की पुढे पुण्यापर्यंत सरळ रस्ता, दिवसभराचा शीण, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. अशा वेळी पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला तर गाडी आधी ओरडते आणि तू दाबला नाहीस तर स्वतः ब्रेक लावते. शेजारच्या लेनमधली आरशात न दिसणारी गाडी दाखवते. तू निघाल्यावर पुण्याला पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी जागा असतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या पाच तासांसाठी जादा पैसे मोजायला माझी पूर्ण संमती आहे. एक खर्च मात्र लक्षात ठेव: कॅमेरा पुढच्या काचेला असतो, काच फुटून बदलली तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करून घ्यावं लागतं.

एसएक्स(ओ) सोडून जे वाचतील, त्यातले थोडे इन्शुरन्समध्ये घाल. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापता पैसे देणारं कव्हर, तर घेच, पण इंजिन प्रोटेक्ट विसरू नकोस. २२ जुलै २०२१ ची सकाळ तुला आठवत असेल, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेतून आपल्या आवारात आलं तेव्हा तू फोनवर रडत होतीस. पाणी ओसरल्यावर मी आपल्या गाडीच्या बॅटरीची तार काढली आणि हात लावला नाही, तशीच ओढून नेली. टोटल लॉस झाली, पण पैसे मिळाले. तळमजल्यावरच्या काकांनी चालू होते का बघायला एकदा स्टार्टर मारला. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. त्यांच्या कंपनीने इंजिनाचे पैसे नाकारले, कारण साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. तुम्ही पावसाळ्यात इथे येता, गाडी आपल्याच आवारात उभी राहते. तेव्हा हे घे. आणि पॉलिसी शोरूमकडूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेरून कोटेशन आणून समोर ठेव.

पाडव्याचं म्हणशील तर ९ एप्रिलला गाडी दारात यावी असं मलाही वाटतं. पण मुहूर्त धरला की गोडाऊनला जो रंग आणि जो व्हेरियंट उभा आहे तो गळ्यात पडतो. एसएक्स टेक पाडव्याला मिळत नसेल तर थांब. १० मे ला अक्षय्य तृतीया आहे, आणि तीही हुकली तर ज्या दिवशी गाडी येईल त्या दिवशी मी नारळ घेऊन हजर असेन.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक कर. टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर माग, आणि कात्रजच्या जुन्या घाटात ने. हेडलाइट वळणावर किती उजेड देतात ते बघ. आई येत्या शनिवारी पुण्याला येतेच आहे, तिला मागे बसव. डावा गुडघा न दुखता तिला आत चढता येतंय का आणि बेल्टचं बकल तिच्या हाताला आपसूक लागतंय का, ते तिच्याच तोंडून ऐक. ती मला खरं सांगणार नाही, तुला सांगेल.

सुहासरावांना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझा,
बाबा

ता. क. डिलिव्हरीच्या दिवसाची वाट न बघता रजिस्ट्रेशनच्या आधीच गाडी बघून घे, मी येतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. पाचही टायर बघायचे, स्टेपनीसुद्धा. बिलात एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकर, लावतील, १० लाखांवरच्या गाडीला तो असतो. ती पावती जपून ठेव, रिटर्न भरताना वळता करून मिळतो.