किती वेळ दाबलाय, तेही छापा की

संपादक महाशय,

ध्रुवावरचं बर्फ आणि उजेड हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमधून कसा दाखवतात यावर तुमच्याकडे लेख आला होता, वाचून मजा आली, पण त्यात 'अद्भुत' चारदा आणि वेळेबद्दल अवाक्षर नाही, आणि सगळी गोची तर तिथेच आहे ना!

मी हौसेने पेन्सिलने अ‍ॅनिमेशन करते. एकदा दक्षिण ध्रुवावर रोवलेल्या काठीची सावली काढायला घेतली. दिवस सरला असं दाखवायला सावली लांब-आखूड करायची ही आमची नेहमीची युक्ती, ती तिथे चालतच नाही, कारण सूर्य दिवसभर जवळपास एकाच उंचीवर गोल फिरतो, मग सावलीही तेवढीच राहून काट्यासारखी फिरते, तीही घड्याळाच्या उलट. मी आधी सुलट काढली, २४ चित्रं पुसावी लागली.

तासाला एक चित्र, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अख्खा दिवस दोन सेकंदांत. आता तिथला बर्फ वर्षाला साधारण १० मीटर सरकतो, म्हणून तर ध्रुवाची खूण दरवर्षी १ जानेवारीला नव्याने रोवतात. दिवसाचे झाले जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर, माझ्या कागदावर ते पेन्सिलच्या रेघेतच गडप. ते दिसावं म्हणून वर्षभर काढत बसलं तर फिल्म १२ मिनिटांची, त्यातली निम्मी सूर्याशिवाय! उलट ग्रीनलंडची याकोब्सहाव्हन हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरपेक्षा जास्त धावत होती, तेवढ्याच दोन सेकंदांत. दोन्ही शेजारी-शेजारी दाखवले आणि खाली काही लिहिलं नाही तर बघणाऱ्याला काय कळणार?

दक्षिण ध्रुवावर गेलेल्या स्कॉटच्या मोहिमेतला चित्रकार एडवर्ड विल्सन बाहेर थंडीत पेन्सिलने स्केच करायचा, त्यावर रंगांची नावं लिहून ठेवायचा आणि रंग भरायचा नंतर झोपडीत, जलरंग बाहेर गोठायचे म्हणून. म्हणजे एकाच चित्रात दोन वेगळ्या वेळा, पण निदान टिपण तरी होतं.

तर एवढंच, पुढच्या वेळी असं काही छापाल तेव्हा खाली एक ओळ टाका, एका सेकंदात तास आहे, दिवस आहे की वर्ष.

आपली,
एक वाचक