व्हॅनच्या टपावरच्या एसीचं फिटिंग चुकलंय, ते उघडून परत नीट करून द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या वर्कशॉपने कॅम्पर व्हॅनवर बसवलेल्या एसीतून पाणी गळतंय, कॉइलवर बर्फ धरतोय आणि गाडीच्या बॉडीला करंट येतोय

नमस्कार,

मी कोथरूडला राहतो. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली आमची घरची कॅम्पर व्हॅन आहे, तिच्या टपावर तुमच्या कंपनीचा साडेतेरा हजार बीटीयू क्षमतेचा एसी तुमच्याच भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तुमच्याच माणसांनी बसवलाय. मशीन आणि फिटिंग दोन्हीचे पैसे तुम्ही एकाच बिलात घेतलेत, बिलाची कॉपी आणि वॉरंटी कार्ड सोबत जोडलंय. हे आधी लिहितोय कारण कस्टमर केअरला फोन केला की पहिलं उत्तर हेच मिळतं की मशीनचं आम्ही बघतो, फिटिंगचं तुम्ही फिटरशी बोला. फिटर तुमचा आहे. त्याच्या शर्टावर तुमचं नाव होतं आणि जॉबकार्डवर तुमच्या सुपरवायझरची सही आहे.

मशीन खराब आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. कॉम्प्रेसर व्यवस्थित सुरू होतो, पंख्याचा आवाज ठीक आहे. माझी तक्रार ते ज्या पद्धतीने टपावर ठेवलंय, आवळलंय आणि वायरला जोडलंय त्याबद्दल आहे, आणि तुमचा प्रत्येक माणूस नेमकं तेच सोडून बाकी सगळं बोलतो म्हणून हे एवढं सविस्तर लिहायला लागतंय.

पहिला त्रास उन्हाळ्यात सुरू झाला. मार्चच्या शेवटी आम्ही आईला घेऊन भिगवणला गेलो होतो, तिला रोहित पक्षी बघायचे होते. तिचं वय सत्तरच्या पुढे, उन्हाचा फार त्रास होतो, खरंतर तिच्यासाठीच एवढा लाखाच्या वरचा खर्च केला. दुपारी एसी लावला तर पंधरावीस मिनिटं बरी हवा आली, मग मशीन आपोआप बंद, मग परत चालू, परत बंद, आणि गाडी काही गार होईना. मी साधा थर्मामीटर घेऊन बघितलं. मागच्या बेडपाशी 33 डिग्री, एसीच्या तोंडाशी येणारी हवा 13, आणि हवा जिथून आत ओढली जाते त्या जाळीपाशी 21. आता गाडीतली हवा 33 असेल तर आत ओढली जाणारी हवा पण तेवढीच पाहिजे ना, ती 21 कशी? याचा अर्थ एकच निघतो की बाहेर पडणारी गार हवा गाडीत न येता छतातल्या डब्यातूनच परत आत ओढली जातेय. मशीनला वाटतं गाडी गार झाली म्हणून ते बंद पडतं, आणि सतत गारच हवा कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून, फिरत राहिल्यामुळे कॉइलवर बर्फ धरतो.

फिल्टर धुवायला आतली जाळी काढतात तेवढीच मी काढली (बाकी एकही स्क्रू मी उघडलेला नाही, नाहीतर उद्या वॉरंटीवरून तेच ऐकवाल) आणि टॉर्च लावून बघितलं. गार हवेचा कप्पा आणि परतीच्या हवेचा कप्पा यांच्या मधे जी उभी पट्टी असते ती नुसती ठेवून दिलीय, वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट आहे, आणि कडेने जो ॲल्युमिनियमचा टेप लावायचा असतो तो लावलेलाच नाही. हे काम टेपच्या एका गुंडाळीचं आणि अर्ध्या तासाचं होतं. फिल्टरचं म्हणाल तर तो त्याच दिवशी सकाळी धुऊन वाळवून लावलेला होता. पुण्यातली धूळ मला माहितीये, गाडी वापरात असली की दर दोन आठवड्यांनी फिल्टर धुतो, टपावर चढून कंडेन्सरच्या पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढतो, प्रेशरचं पाणी मारत नाही कारण पाती वाकतात. तेव्हा मेंटेनन्स केला नाही हे कारण मला सांगू नका.

त्याच दिवशी संध्याकाळी तो बर्फ वितळला आणि पाणी थेट बेडवर. तुमच्या कस्टमर केअरने सांगितलं की पावसाचं पाणी असेल. मार्चमध्ये, भिगवणला, आभाळात ढगसुद्धा नसताना! बरं, बर्फ नसेल तेव्हा पण एसी तासभर चालला की थेंब थेंब पडायला लागतात, गाडी सपाट जागेवर लेव्हल करून उभी असताना सुद्धा. म्हणजे हे हवेतून निघालेलं पाणी आहे. टपावरच्या एसीत हे पाणी खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि ट्रेच्या भोकातून टपावर वाहून जातं, त्याला घरच्या एसीसारखी वेगळी पाइप नसते. मग ते आत का येतंय, तर तुमच्या फिटरने मशीनच्या बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉनचा जाड थर फासलाय. त्यामुळे पाणी बाहेर जायची वाटच बंद झालीय, ते मशीनखाली साठतं आणि शेवटी छताच्या भोकातून आत उतरतं. बॉक्समधून आलेल्या तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की मशीनच्या कडेने सिलंट लावू नका. फिटरने मॅन्युअलचं प्लास्टिकसुद्धा फोडलं नव्हतं, ते मी घरी आणून फोडलं.

मग जून आला. ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो, तिथला पाऊस कसा असतो ते पुण्यात कोणाला सांगायला नको. एसी पूर्ण बंद होता, तरी छताच्या बॉक्सच्या एका कोपऱ्यातून पाणी आलं, आणि ते थेंब थेंब नाही, चांगली धार. हे गळणं वेगळं आणि मार्चमधलं वेगळं, हे प्लीज नीट समजून घ्या, कारण तुमच्या जॉबकार्डवर दोन्हीला मिळून नुसतं वॉटर लीकेज असं लिहून ठेवलंय आणि दोन्हीवर उपाय एकच, आणखी सिलिकॉन. एसी चालू असताना कोरड्या हवेत गळतं ते ट्रेचं पाणी. एसी बंद असताना पावसात गळतं ते गॅस्केटमधून, म्हणजे मशीन आणि टप यांच्यामधल्या फोमच्या पट्टीतून.

गॅस्केटचं काय झालंय ते पण सांगतो. टपाला जे चौदा इंची चौकोनी भोक असतं त्याच्या कडेने तो जाड फोमचा गॅस्केट बसतो, आणि आतून चार लांब बोल्ट आवळून मशीन खाली ओढून घ्यायचं असतं, थोडं या कोपऱ्याला थोडं समोरच्या कोपऱ्याला असं फिरवून फिरवून, म्हणजे गॅस्केट सगळीकडे सारखा, साधारण अर्ध्या जाडीपर्यंत दाबला जातो. आमच्याकडे ड्रायव्हरच्या बाजूचे दोन बोल्ट इतके आवळलेत की गॅस्केट पापडासारखा चपटा झालाय, आणि दुसऱ्या बाजूचा एक बोल्ट मी नुसत्या हाताने फिरवू शकलो. जिथे ढिला आहे तिथून पाणी येतं, आणि जिथे जास्त आवळलाय तिथला फोम आता परत फुगणार नाही. म्हणून तो गॅस्केट बदलावाच लागेल, वरून काहीही फासून उपयोग नाही.

आणि याच्याही खाली खरं दुखणं आहे. भोक कापताना टपाची एक आडवी कमान मधोमध कापलीय, आणि तिच्या जागी भोकाभोवती लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट द्यायला पाहिजे होती ती दिलीच नाही. बाहेरचा पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामध्ये नुसतं थर्माकोल आहे. त्याच्यावर तीसपस्तीस किलोचं मशीन, वरून बोल्टचा ताण, आणि गाडी चालताना बसणारे हादरे. टप तिथे खचलाय. पट्टी आडवी धरून फोटो काढलेत, मधला खळगा स्पष्ट दिसतो. पाऊस पडला की त्या खळग्यात पाणी तुंबून राहतं, म्हणजे गॅस्केट नवा घातला तरी तो कायम पाण्यातच बसणार. म्हणूनच मी सारखं सांगतोय की मशीन उतरवल्याशिवाय हे काम होणार नाही, आणि तुमची माणसं मशीन उतरवायचं सोडून बाकी सगळं करायला तयार आहेत.

आता जे लिहितोय ते सगळ्यात गंभीर आहे आणि यावर तरी आजच्या आज कोणीतरी जबाबदार माणसाने फोन करावा. कोकणात एका होमस्टेच्या आवारात गाडी उभी करून त्यांच्या 16 अँपिअरच्या सॉकेटमधून लाइन घेतली होती. आई ओल्या गवतावर अनवाणी उभी राहून दाराचं हँडल धरायला गेली आणि तिला झिणझिण्या आल्या. तिने झटकन हात काढला म्हणून बरं. मी तिथेच प्लग काढला आणि त्यानंतर आजपर्यंत एसी लावलेला नाही. घरी आल्यावर आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांनी बघितलं तर एसीची अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नाही, टेप गुंडाळून छतात सोडून दिलीय. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला दुसरा रस्ता नसतो, जो माणूस जमिनीवर उभा राहून गाडीला हात लावेल तोच रस्ता होतो. घरात एकवेळ जुन्या वायरिंगवर चालून जात असेल, पत्र्याच्या गाडीत हे जिवावर बेतू शकतं. गळती ओळखून लाइन तोडणारी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी पण लावलेली नाही, नुसती एक एमसीबी आहे, जी फक्त लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तरच पडते. वायर दीड एमएमची, मधे जॉइंट, आणि तो जॉइंट पिळून टेप मारलेला. मशीन चालताना सहासात अँपिअर घेतं आणि कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. वर गाडीचे हादरे, पिळलेला जॉइंट ढिला होणारच, आणि ढिला जॉइंट तापतो. आजूबाजूला प्लाय आणि थर्माकोल आहे, पुढचं मी लिहित नाही.

माझ्या आईच्या हाताला करंट लागलाय हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं की सर होमस्टेच्या लाइनला प्रॉब्लेम असेल. त्यांच्या लाइनला असेलही, मी नाही म्हणत नाही. पण अशा कुठल्याही लाइनला गाडी लावायची वेळ येणार हे कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत गृहीतच धरायचं असतं, म्हणून तर अर्थिंग आणि आरसीसीबी लावायची.

तुमचा माणूस घरी येऊन गेला तेव्हा त्याने मशीन न उघडता सांगितलं की गॅस कमी झालाय, भरून देतो, चार्ज वेगळा लागेल. तोंडाशी 13 डिग्रीची हवा येत असताना गॅस कमी कसा? आणि या मशीनची गॅसची लाइन फॅक्टरीतून बंद होऊन येते, गॅस भरायला व्हॉल्व्हच नाही, म्हणजे चांगली पाइप फोडून व्हॉल्व्ह जोडणार आणि मग खरोखर लीक सुरू होणार. मी नको म्हटलं तर जॉबकार्डवर कस्टमर रिफ्यूज्ड असं लिहून गेला. ते वाक्य रेकॉर्डवरून काढून टाका. नंतर फोनवर दुसऱ्याने सांगितलं की रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. वॉरंटी कार्ड मी अक्षर अक्षर वाचलंय, असं त्यात कुठेही नाही, आणि गाडीच्या टपावर बसवायचं म्हणूनच विकलेलं मशीन रस्त्यावरून जाणारच. ज्या शहरात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था बसून देशभरातल्या गाड्या तपासते, त्या पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये गाडीवरचं काम असं व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला काय पाहिजे ते सरळ सांगतो. मशीन पूर्ण उतरवा, भोकाभोवती पक्की चौकट द्या आणि कापलेल्या कमानीचा आधार तिच्यात घ्या, टपाचा खळगा वर उचला, जुनं सिलिकॉन सगळं खरवडून काढा आणि नवीन गॅस्केट मॅन्युअलप्रमाणे आवळा. आतली पट्टी टेप मारून बंद करा. वायर अखंड, अडीच एमएमची, मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) घाला, टोकांना लग्ज (धातूची टोपणं) दाबून क्रिंप करा, अर्थिंग बॉडीला आणि प्लगच्या पिनपर्यंत जोडून मीटरने मला दाखवा, आरसीसीबी लावा. भिजलेला प्लाय आणि बेडची गादी याचा खर्च तुम्ही द्यायचा. गाडी सोडायच्या आधी टपावर अर्धा तास पाण्याचा पाइप सोडून आणि नंतर तासभर एसी चालवून दोन्ही गळती माझ्यासमोर तपासायच्या. मशीन धरून गाडीची एकूण उंची किती झाली ते मोजून ड्रायव्हरसमोर लिहून लावा, आम्हाला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही आणि प्रत्येक हाइट बॅरिअरपाशी खाली उतरून बघायला लागतं. यातल्या कशाचाही वेगळा चार्ज मी देणार नाही, आणि वॉरंटी या नव्या फिटिंगच्या तारखेपासून लेखी पाहिजे.

अर्थिंगसाठी आजच फोन पाहिजे. बाकी कामाची तारीख हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवा. नाहीतर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि तिथून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तुमचं हेड ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे असं मला फोनवर दोनदा ऐकवलं गेलं, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. मला तिथपर्यंत जायची हौस नाही, मला गाडी नीट करून पाहिजे.

गाडी सध्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टपावर ताडपत्री बांधून उभी आहे, मी स्वतः भोसरीला आणून देईन. फक्त काम शेडखालीच झालं पाहिजे आणि सुपरवायझर समोर उभा पाहिजे. फोटो, थर्मामीटरचा व्हिडिओ आणि दोन्ही जॉबकार्ड ईमेलला जोडलेत.

कळावे,
आपला ग्राहक
कोथरूड, पुणे