टेलला पाणी पोचलं का, ते कोण बघतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पायाच्या स्नायूत रक्त किती पोचतं ते सुई न टोचता एमआरआयवर कसं बघतात यावर लेख होता. लेख चांगला होता, पण मथळा दिला 'आता एका स्कॅनमध्ये पायाचं निदान', आणि तो वाचून आमच्या कट्ट्यावरच्या तिघांनी मला लगेच विचारलं की हे स्कॅन कुठं होतं, किती घेतात, पुण्याला जावं लागेल का. तिघांच्याही पोटऱ्या दुखतात, आणि तिघांपैकी एकाचंही पायाचं बीपी आजवर कोणी घेतलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर बरीच वर्षं काढली. वय ६९, शुगरला २० वर्षं झाली, बिडी सोडून १२. तीन वर्षांपूर्वी सुरू झालं, बाजारात दोनशे पावलं टाकली की उजवी पोटरी भरून यायची, आत कोणीतरी फडकं पिळतंय असं वाटायचं. दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की बंद. पुन्हा दोनशे पावलं, पुन्हा गोळा. लोकांना काय सांगायचं, म्हणून मी दुकानांसमोर उभा राहून बघितल्यासारखं करायचो, आणि एकदा नेमका साड्यांच्या दुकानासमोर थांबलेला सौंनी बघितला, ती चौकशी वेगळीच झाली.

पहिल्या डॉक्टरांनी मणका सांगितला. गादी सरकलीय, नस दबलीय, मणक्याचा एमआरआय काढा, पट्टा लावा. गादी थोडी सरकलेली होतीच, या वयात कोणाची नसते! पट्टा लावून आठ महिने हिंडलो. मणक्याच्या दुखण्यात माणसाला बसावं लागतं किंवा पुढं वाकावं लागतं तेव्हा आराम पडतो, आणि माझं नुसतं उभं राहूनच थांबत होतं, हा फरक मला नंतर कळला. तो प्रश्न मला कोणी विचारलाच नाही आणि मीही आपणहून सांगितला नाही.

दुसरीकडे गेलो तिथं घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन भागाकार केला. घोट्याच्या बीपीचा वरचा आकडा भागिले दंडाचा वरचा आकडा. ०.९० किंवा त्याखाली आलं तर पायाची धमनी अरुंद झालीय असं धरतात, १ ते १.४ म्हणजे ठीक. माझं आलं १.४६. तिथले म्हणाले, उत्तम! मीपण खुश, शाळेत गणितात कधी एवढे पडले नव्हते. घरी आल्यावर भाच्याला फोन केला, तो पुण्यात एमआरआय टेक्निशियन आहे, तो म्हणाला मामा हा आकडा चांगला नाही, शुगरवाल्यांच्या धमन्यांत चुना साठून त्या टणक होतात, पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाहीत म्हणून आकडा खोटा वर जातो, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्या, तिथल्या बारीक धमन्या सहसा एवढ्या टणक होत नाहीत. घेतलं, दंडाच्या बीपीने तसंच भागलं. ०.७० च्या खाली म्हणजे गडबड असं मानतात, माझं ०.५२. मग कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली, उजव्या मांडीतली मोठी धमनी बऱ्यापैकी लांब बंद निघाली. (डॉपलरच्या स्क्रीनवरचं लाल-निळं बघून मी शुद्ध आणि अशुद्ध रक्त असं समजत होतो. तसं काही नसतं, पायावर फिरवतात त्या प्रोबकडे येणारं एका रंगात आणि लांब जाणारं दुसऱ्या, एवढाच अर्थ. तुमच्या लेखातल्या त्या रंगीबेरंगी पायाचे रंगपण कॉम्प्युटरनेच भरलेले असतात, फोटोखाली तेवढं एक वाक्य टाकायला हवं होतं.)

आता स्कॅनचं. आमच्याकडे हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, मोजपट्टीवर पाणी भरपूर दिसायचं, रजिस्टरला क्युसेक बरोबर, साहेब समाधानी, आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी ऑफिसात येऊन बोंब मारायचा की माझ्या चारीला (शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला) थेंब नाही. दोघंही खरं बोलत असायचे. डॉपलर काय नि अँजिओग्राफी काय, ही कालव्याची पाहणी आहे, कुठं गाळ साठलाय, कुठं भराव ढासळलाय ते दिसतं. पोटरीच्या मांसात, केसाहून बारीक नळ्यांमधून, वाफ्यापर्यंत पाणी गेलं का ते त्यात दिसत नाही. मोठी धमनी बंद असूनही आजूबाजूच्या बारीक वाटांनी कोणाचं बरं चालतं, आणि कोणाची धमनी तेवढी वाईट नसूनही तो शंभर पावलात बसतो. ही टेलची पाहणी करायची म्हणून या नव्या तपासण्या निघाल्या आहेत.

भाच्याने समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. एका प्रकारात डाय (चित्रात रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून टोचतात ते औषध) द्यावाच लागत नाही, मांडीकडून खाली येणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच मशीन चुंबकाने खूण करतं आणि थोड्या वेळाने पोटरीत किती खूण पोचली ते मोजतं. मला एकदम आमचा फ्लोट आठवला, मीटर नसला की कालव्यात लाकडाचा तुकडा सोडून घड्याळ लावायचो, फक्त इथं तुकडा वेगळा टाकायचा नाही, पाणीच फ्लोट. दुसऱ्या प्रकारात रक्तातल्या ऑक्सिजनचा खेळ आहे. ऑक्सिजन देऊन टाकलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळं वागतं, हे १९३६ सालीच पॉलिंग आणि कोरिएल या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं आणि १९९० मध्ये ओगावा या शास्त्रज्ञांनी त्याच्यावर मेंदूचा एमआरआय बसवला, तीच युक्ती पायाला. मांडीला बीपीसारखा पट्टा बांधून काही मिनिटं रक्त अडवायचं आणि मग फट्दिशी सोडायचं. निरोगी पायात सिग्नल झटकन उसळी मारतो, आजारी पायात उसळी उशिरा येते आणि छोटी येते. दरवाजा उघडल्यावर टेलला पाणी किती वेळाने आलं, तेच की हे! तिसरं म्हणजे कोविडात बोटाला लावायचो त्या ऑक्सिमीटरचा मोठा भाऊ, कातडीवरून डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकून खालच्या स्नायूतला ऑक्सिजन बघतात, पण तो फार खोल जात नाही आणि मधे चरबीचा थर जाड असला तर घोटाळा होतो.

लेखात एक मुद्दा मात्र राहून गेला आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. बसून असताना आजारी पोटरीतपण रक्त पुरेसं असू शकतं. पावसाळ्यात कोण पाणी मागतंय? खरी मागणी उन्हाळी आवर्तनाला. म्हणून चालवून किंवा पट्टा बांधून पायावर ताण आणायचा आणि मगच बघायचं, नुसतं झोपवून काढलेल्या चित्रात फारसं काही हाती लागणार नाही. आणि डाय नको याचं महत्त्व माझ्यासारख्याला विचारा, माझं क्रिएटिनिन १.८ आहे, म्हणजे किडनी कमजोर, डाय देऊन करायची सीटी अँजिओ म्हटलं की किडनीचे डॉक्टर कपाळाला हात लावतात.

पण हे सगळं अजून बहुतेक संशोधनातच वापरतात हो. आपल्या तालुक्यात चिठ्ठी दाखवून करून मिळेल अशी ती गोष्ट नाही, आणि पेशंटला पहिल्यांदा त्याची गरजही नाही. त्याचा खरा उपयोग पुढं आहे, तो माझ्यावरूनच सांगतो. डॉक्टरांनी मला स्टेंट न टाकता आधी चालायला लावलं, गोळ्या चालूच. आठवड्यातून ३ दिवस, ३० ते ४५ मिनिटं, १२ आठवडे. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं. मी कालव्याच्या सर्व्हिस रोडवर सुरू केलं, तिथले अंतराचे दगड ओळखीचे. पहिल्या आठवड्यात दोन दगडांच्या मधे चार वेळा थांबलो, बाराव्या आठवड्यात एकदा. उत्साहात अंगठ्याचं प्रेशर पुन्हा मोजलं तर ०.५३. म्हणजे होतं तिथंच! मग सुधारलं काय? बारीक वाटा वाढल्या, का स्नायू थोडक्या पाण्यात भागवायला शिकला, का दोन्ही? बीपीचा पट्टा याचं उत्तर देऊ शकत नाही, पोटरीच्या आत बघणारं चित्र देऊ शकेल. उद्या एखादं नवं औषध किंवा इंजेक्शन आलं तर ते खरंच वाफ्यापर्यंत पोचतं का, तेपण यातूनच कळेल. लेखात हे आलं असतं तर मजा आली असती.

माझं बघून कोणी उद्यापासून चालत सुटू नका मात्र. रात्री झोपेत पाय दुखत असेल, पाय खाटेखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, बोट काळं पडलं असेल, जखम भरत नसेल, तर तो चालायचा आजार राहिला नाही, त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचा सर्जन गाठायचा.

संपादकसाहेब, पुढच्या पुरवणीत मथळ्याएवढीच जागा द्या आणि एवढंच छापा की शुगरवाल्यांनी आणि बिडी-तंबाखू-मिश्रीवाल्यांनी वर्षातून एकदा पायाचंपण बीपी घ्यायला सांगा, आणि आकडा १.४ च्या वर आला तर पेढे वाटू नका. मागच्या महिन्यात आमच्या गावात शुगरचं मोफत शिबिर झालं, रक्त तपासलं, डोळे तपासले, वजन केलं, केळी दिली. दीडशे माणसं तरी असतील. मी मुद्दाम शेवटपर्यंत बसून बघितलं, चप्पल काढा असं एकालाही कोणी म्हणालं नाही.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक,
श्रीरामपूर तालुका