आधी खोकं कापा, मग सूत्र छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर त्रिकोणी प्रिझमच्या (दोन टोकांना सारखे त्रिकोण, मधे तीन आयत) घनफळाचा आणि पृष्ठफळाचा तक्ता आलाय, सूत्रं सगळी बरोबर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नुसती सूत्रं पाठ करून पोरं गणितात आपटतात त्याचं काय?

आकृतीत प्रिझम आडवा ठेवलाय, म्हणजे खाली आयत. मग पोरगं तोच पाया धरणार ना! खाली काय टेकलंय त्याच्याशी पायाचा संबंधच नाही, समोरासमोरचे दोन सारखे त्रिकोण असतात तो पाया, वस्तू कशीही लोळवा. एवढी एक ओळ हवी होती.

दुसरं म्हणजे त्रिकोणाची उंची. त्रिकोणाच्या बाजू ५, ५, ६ सेमी आणि प्रिझमची लांबी १० सेमी असली की बरेच जण ६ गुणिले ५ चं निम्मं १५ करून मोकळे, पण ५ ही तिरकी बाजू आहे, खरी उंची ४ (३-४-५ चा काटकोन त्रिकोण आतच बसलाय), म्हणून क्षेत्रफळ १२ आणि घनफळ १२ × १० = १२० घनसेमी. पृष्ठफळाला मात्र तीच तिरकी बाजू लागते! तिन्ही आयत उलगडून शेजारी शेजारी ठेवले की १६ बाय १० चा एकच मोठा आयत होतो, १६ म्हणजे त्रिकोणाची परिमिती, १६० अधिक दोन त्रिकोणांचे २४, झाले १८४ चौसेमी.

आता खरी मजा. ३ × ४ × १० सेमीचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या आणि ३ × ४ च्या तोंडाच्या कर्णावरून लांबीच्या दिशेने सरळ कापा, दोन सारखे प्रिझम मिळतात. प्रत्येकाचं घनफळ खोक्याच्या १२० चं बरोब्बर निम्मं, ६०, इथे त्रिकोणाच्या सूत्रातलं ते ½ कुठून येतं ते डोळ्यांना दिसतं. खोक्याचं पृष्ठफळ १६४, मग प्रिझमचं ८२ का? मुलांना विचारून बघा, बहुतेक हो म्हणतील. पण कापलेली बाजू उघडी पडलीये, तिला ५ × १० चा नवा कागद चिकटवावा लागतो, ८२ + ५० = १३२. हे एकदा हाताने केलं की जन्मात विसरत नाही, तक्ता काय, परीक्षा झाली की गेला.

पुढच्या वेळी तंबूचं गणित द्या प्लीज. वरचीच ५, ५, ६ आणि १० ही मापं मीटरमध्ये धरा, दोन्ही टोकं बंद पण तळाला कापड नाही, म्हणजे ६ × १० चा आयत वजा, १८४ ऐवजी १२४ चौमी. सूत्रात आकडे घालून गप्प बसणारा इथे हमखास सापडतो. आणि तक्त्यात चौसेमी, घनसेमी ही एककंच राहिलीयेत, तेवढी दुरुस्ती छापा.

आपला,
एक वाचक