आठ दिवसांत सहा देश नकोत, नकाशा मुलांच्या हातात द्या

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपात स्वतः गाडी चालवत फिरण्याबद्दलचा लेख वाचला. विषय आवडला, पण त्यात दिलेला आठ दिवसांत सहा देशांचा मार्ग बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. असा मार्ग दोघंच जाणार असतील तर ठीक आहे, पण १३ ते १७ वयाची मुलं बरोबर असतील तर कृपा करून कोणी त्या वाटेला जाऊ नका, आम्ही गेलोय म्हणून सांगते.

आम्ही नाशिकचे. मी आणि माझे मिस्टर दोघंही गाडी चालवतो, मुलगी १६ वर्षांची, मुलगा १३ चा. तीन वर्षांपूर्वी आम्ही फ्रँकफर्टला उतरून पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, म्युनिक आणि परत फ्रँकफर्ट असा दौरा केला होता, जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. फ्रँकफर्ट ते पॅरिस पावणेसहाशे, पॅरिस ते इंटरलाकेन पुन्हा तितकंच, म्हणजे एक दिवसाआड सगळा दिवस गाडीतच. मुलं मागे कानात इअरफोन घालून बसलेली, १७ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा आला तेव्हा मी ओरडून सांगतेय बघा बघा आणि दोघंही झोपलेली. मला तेव्हा मुलांचा राग आला होता, आता वाटतं चूक त्यांची नव्हतीच, तो प्लॅन आम्ही दोघांनी रात्री बसून केला होता आणि त्यांना फक्त तिकिटं आल्यावर सांगितलं होतं. वर इटलीत एका जुन्या शहरात आम्ही नकळत फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असलेल्या भागात शिरलो. इटलीत याला झेडटीएल म्हणतात, तिथे अडवायला कोणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. घरी परतल्यावर पाच महिन्यांनी दंडाचं पत्र आलं आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने आमचा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापले.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी परत गेलो, पण यावेळी सगळं उलटं केलं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया असे दोनच देश, नऊ दिवस, गाडी एकाच ठिकाणी घ्यायची आणि तिथेच परत द्यायची कारण दुसऱ्या देशात सोडली की भरमसाट चार्ज लागतो. म्युनिकला दोन रात्री, बेर्खटेसगाडेनला तीन, ऑस्ट्रियात झेल आम झी इथे दोन आणि शेवटची रात्र परत म्युनिक. इकडचं तिकडचं धरून साताठशे किलोमीटर झाले असतील, एका दमात सर्वात लांबचा पल्ला तीन तासांच्या आत.

आणि मुख्य गोष्ट, जानेवारीत जेवणाच्या टेबलावर कागदाचा मोठा नकाशा पसरला आणि मुलांना सांगितलं की नऊपैकी चार दिवस तुमचे, दोन ताईचे, दोन धाकट्याचे, त्या दिवसांत कुठे जायचं, किती वाजता निघायचं, तिकीट आधी काढावं लागतं का हे तुम्ही शोधायचं आणि आम्हाला सांगायचं. आम्ही फक्त पैशाची मर्यादा ठरवून दिली. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही, मग एका रात्री मुलगा येऊन विचारतो, आई जमिनीखालून देशाची सीमा ओलांडता येते माहितीये का? साल्झबर्गजवळ हालाइनला मिठाची जुनी खाण आहे, तिथे पांढरे कपडे चढवून आत नेतात, लाकडी घसरगुंड्यांवरून खाली जायचं, खाणीतल्या खारट तळ्यात नाव आहे, आणि चालता चालता आपण ऑस्ट्रियातून जर्मनीत जातो आणि परत येतो. बेर्खटेसगाडेनलाही अशीच खाण आहे आणि ती आमच्या मुक्कामाच्या जवळ होती, पण त्याला सीमेसाठी हालाइनच पाहिजे होतं, आम्ही हट्ट सोडला आणि तेच बरं झालं.

त्याचा दुसरा दिवस म्हणजे वेर्फेनची बर्फाची गुहा, आइसरीजनवेल्ट. ४२ किलोमीटरहून लांब आहे, जगातली सर्वात मोठी बर्फाची गुहा म्हणतात, आपल्याला त्यातला थोडा भागच दाखवतात पण तेवढ्यालाही साधारण सातशे पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. आत तापमान शून्याच्या आसपास, काही जणांच्या हातात कार्बाइडचे दिवे देतात, फोटो काढायला बंदी. एरवी फोन न सोडणारा मुलगा सव्वा तास हातात दिवा धरून पुढे चालत होता. गुहा मे ते ऑक्टोबर उघडी असते, एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मुलीने पहिला दिवस निवडला तो डाखाऊ. म्युनिकहून लोकल आणि बसने जाता येतं, प्रवेश फुकट आहे. मार्च १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यानंतर दोनच महिन्यांत सुरू झालेली ही छळछावणी. सुट्टीत कशाला असं मी म्हणाले होते आणि धाकट्याला न्यावं की नाही यावर आम्हा दोघांचं बराच वेळ बोलणं झालं, शेवटी त्यालाच विचारलं, तो म्हणाला मला यायचंय. आत दोघंही काही बोलली नाहीत. परतीच्या लोकलमध्ये मुलगी म्हणाली, पुस्तकात आम्हाला आकडे पाठ करायला लावले होते. त्या रात्री जेवताना आम्ही चौघं जे बोललो तसं गेल्या वर्षभरात बोललो नव्हतो. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी इथे नेऊ नये असंच मी म्हणेन, पण नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना त्यांची तयारी असेल तर जरूर न्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

तिचा दुसरा दिवस म्हणजे ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता. १९३५ साली सुरू झालेला ४८ किलोमीटरचा रस्ता, ३६ मोठी वळणं, वर कैसर फ्रान्झ जोसेफ पॉइंटला समुद्रसपाटीपासून २३६९ मीटर उंचीवर पोचतो. कसारा घाट लहानपणापासून चढउतार केलेल्या माणसाला वळणांची भीती वाटत नाही, पण उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा, सारखा ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापतात. हा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो तोही हवामान बघून, दिवसाचा टोल ४० युरोंपेक्षा जास्त आहे आणि तो विन्येटमध्ये, म्हणजे ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी घ्यायच्या टोलपासमध्ये, धरलेला नसतो. वर समोर पास्टर्झे ही ऑस्ट्रियातली सर्वात लांब हिमनदी. १९६३ मध्ये बांधलेली छोटी रेल्वे तेव्हा माणसांना बर्फाच्या काठाशी नेऊन सोडायची, आज बर्फ तिथून कितीतरी खाली आणि मागे सरकलाय. मुलगी कठड्यापाशी अर्धा तास उभी होती, मी हाक मारली नाही.

आमच्या वाटणीचे दिवस साधे होते, क्योनिगझी तळ्यात बोट (या बोटी १९०९ पासून विजेवर चालतात, नावाडी मध्येच थांबून तुतारीसारखं वाद्य वाजवतो आणि कड्यावरून त्याचा पडसाद येतो), आणि साल्झबर्गचा किल्ला. एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवला.

आता तयारीबद्दल, कारण पुरवणीच्या लेखात ही माहिती अगदी दोन ओळींत उरकलीये आणि लोक अडकतात ते इथेच.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, आमच्या जर्मनीत सहा आणि ऑस्ट्रियात दोन म्हणून जर्मनी. त्यामुळे रात्रींचा हिशोब आधी आणि व्हिसा नंतर. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे महिन्यासाठी शेवटपर्यंत थांबलात तर अपॉइंटमेंट मिळत नाही. फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, म्हणजे १२ पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण फी. १५ वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते आणि परत निघण्याच्या तारखेनंतर तो निदान तीन महिने चालू लागतो, आमच्या मुलाचा नेमका संपत आला होता, जानेवारीत बघितला म्हणून वाचलो. मुलं एकाच पालकाबरोबर जाणार असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. आणि यंदा दहावी असलेल्या घरांनी निकाल आणि अकरावीच्या प्रवेशाचं बघूनच तारखा धरा.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून मिळतं, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. जे जे गाडी चालवणार त्या प्रत्येकाचं काढा आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा, नुसतं परमिट चालत नाही. गाडी बुक करतानाच विचारा की सीमेपलीकडे नेता येते का, क्रेडिट कार्ड गाडी घेणाऱ्याच्याच नावावर पाहिजे आणि त्यात डिपॉझिटची रक्कम अडकेल एवढी जागा पाहिजे. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत बसत नाहीत, आम्ही दोनच मोठ्या बॅगा आणि चार सॅक नेल्या. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढायचं काम मुलाकडे होतं.

रात्रभराच्या विमानातून उतरून लगेच स्टिअरिंगवर बसू नका, हे मी हात जोडून सांगते. उजव्या बाजूने चालवायचं, डावीकडे बसायचं, आणि आपल्या इकडच्या मारुती-ह्युंदाईची सवय असली की इंडिकेटर द्यायला जाता आणि वायपर सुरू होतो. आम्ही म्युनिकला दोन दिवस लोकलनेच फिरलो, चौघांना मिळून ग्रुपचं एक दिवसाचं तिकीट मिळतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी झोप झाल्यावर गाडी घेतली. पहिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यांवरच फिरवली.

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाच्या हायवेवर मात्र विन्येट लागतं, ते सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर किंवा अॅसफिनाग या सरकारी कंपनीच्याच साइटवर घ्या, शोधायला गेलं की वर पहिल्यांदा जादा पैसे लावणाऱ्या भलत्याच साइट दिसतात. ऑटोबानवर काही भागांत वेगमर्यादा नाही हे खरं, पण शिफारस १३० चीच आहे आणि डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, आपल्यासारखं त्याच लेनमध्ये रमत गेलात तर मागून येणारा क्षणात डोक्यावर येतो. ट्रॅफिक तुंबला की सर्वात डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधून अॅम्ब्युलन्सला वाट ठेवायची, हा नियम आहे, न पाळल्यास दंड होतो, आणि अख्खा रस्ता मिनिटभरात दुभंगलेला बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. वस्तीतल्या छोट्या रस्त्यांवर खुणा नसतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. काही ठिकाणी पार्किंगला निळी पुठ्ठ्याची तबकडी काचेत ठेवावी लागते, आलेल्या वेळेनंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा लावायचा. पेट्रोलच्या नळीवर गोलात ई५ किंवा ई१० असतं आणि डिझेलवर चौकोनात बी७, भाषा येत नसली तरी हे बघून भरा.

पुढच्या सीटवर आळीपाळीने एक मूल बसलं, नकाशा, टोल, पार्किंग सगळं त्याच्याकडे. चुकलं तर चुकलं, पुढच्या वळणावरून परत यायचं आणि कोणी कोणाला बोलायचं नाही, असं ठरलं होतं आणि बहुतेक पाळलं गेलं. सकाळी दहाच्या आधी निघायचं नाही हेही ठरलं होतं. या वयात मुलांची झोपच उशिरा येते, ती आळशी नसतात, आणि मेअखेर तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे दिवस काही कमी पडत नाही.

स्वयंपाकघर असलेली घरं घेतली होती. ठेपले, मेतकूट, पोहे, थोडे तांदूळ नेले, पण तूप, पेढे, बर्फी न्यायला परवानगी नाही, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजीपाला भरून ठेवा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात, ते पैसे मुलांचे असं ठरवल्यावर आमच्या गाडीत एकही बाटली लोळत पडली नाही.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की जानेवारीत, म्हणजे लोक मेची तयारी सुरू करतात तेव्हा, पुरवणीत अर्धं पान फक्त याला द्या, व्हिसा, परमिट आणि तिकडचे रस्त्याचे नियम. आणि मार्ग छापाल तेव्हा शेजारी किलोमीटर आणि गाडीतले तास दोन्ही छापा, म्हणजे घरातल्या मुलांना पण ते वाचून नको म्हणता येईल. आमची मुलगी आत्तापासून पुढच्या वेळी स्लोव्हेनिया म्हणतेय, मुलगा अजून नकाशावर शोधतोय, बारावीनंतरच जमेल पण वही काढलेली आहे.

आपली,
एक वाचक, नाशिक