अण्णाकाकांची तपासणी आणि माझं मशीन

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, अण्णाकाकांच्या प्रोस्टेटसाठी 'तुझं ते मशीन', म्हणजे कॅन्सरच्या गाठीत काय चाललंय ते दाखवणारं आमचं खास एमआरआय, मिरजेत मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. मागून आईचा आवाज आला, "अजून उंदीर कापतेस का गं?" फोनवर धड काही सांगता आलं नाही.

आई, अगदीच कापत नाही म्हटलं तर खोटं होईल, पण खूप कमी. उंदराला भूल देतो, खाली गरम पाण्याची गादी घालतो आणि शेपटीच्या शिरेत बारीक नळी बसवतो. शेपूट आधी शेकावी लागते, नाहीतर शीर सापडतच नाही. त्यातून पायरुव्हेट सोडायचं. साखर मोडताना शरीरात तेच बनतं. फरक इतकाच, की आमच्या पायरुव्हेटमधला एक कार्बन नेहमीपेक्षा जड, 13 वजनाचा असतो. ते आधी उणे 271 अंशांच्याही खाली चुंबकात गोठवून मायक्रोवेव्हखाली ठेवतात, मग कढत द्रावणात झटक्यात विरघळवतात. त्याने एमआरआयमध्ये मिळणारा त्याचा सिग्नल 10,000 पटींहून जास्त वाढतो. ही रीत 2003 ची, स्वीडनमधल्या माल्मोची. पण हा जोर मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो, म्हणून सिरिंज हातात आली की नुसती पळापळ!

बाबा, पुरात तुम्ही आयर्विन पुलाशी पाणी किती आहे यापेक्षा तासाला किती चढतंय ते बघता ना, तसंच हे. नेहमीच्या एमआरआयमध्ये गाठ दिसते. इथे पायरुव्हेटचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) किती वेगाने होतंय ते जिवंत जनावरात दिसतं. कॅन्सरच्या गाठी बऱ्याचदा ऑक्सिजन असूनही लॅक्टेट करत राहतात. वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे 1920 च्या दशकातच दाखवलं होतं. औषध लागू पडलं तर गाठ आकसायच्या आधीच लॅक्टेट उतरलेलं दिसू शकतं. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

माणसांवरचा पहिला अभ्यास 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोहून प्रसिद्ध झाला, तोही प्रोस्टेट कॅन्सरच्याच 31 रुग्णांवर. तरी अजून हे संशोधनच आहे. साध्या एमआरआय मशीनवर असंच होत नाही, गोठवायचं यंत्र आणि कार्बनचा सिग्नल पकडायला वेगळी कॉइल लागते. तेव्हा काकांना यासाठी थांबवू नका. डॉक्टर बायोप्सी म्हणतायत ना, मग ती करून घ्या. 'पुतणीकडे बिनसुईची तपासणी आहे' हे त्यांच्या डोक्यातून आधी काढा. आमच्याकडेही सुई आहेच.

काकू घाबरत असतील तर रविवारी संध्याकाळी मला फोन लावून द्या, मी बोलते.

तुमची,
ताई